टीव्हीवर झडप घालणारा कुत्रा: एक प्रकरण अभ्यास

कुत्र्याचं नाव आणि कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मोती अडीच वर्षांचा, नसबंदी झालेला नर. वजन २१ किलो. मेंढ्या राखणाऱ्या जातीचा संकर, त्यामुळे हलत्या गोष्टीवर नजर रोखायची खोड उपजतच. घरात नवरा, बायको आणि त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा. आजी जवळच राहतात, संध्याकाळी टीव्ही बघायला इथे येतात. हॉलमध्ये ५५ इंची एलईडी टीव्ही बुटक्या स्टँडवर ठेवलेला. पडद्याची खालची कड जमिनीपासून जेमतेम ५० सेंटिमीटर, म्हणजे पडद्याचा खालचा भाग बरोबर मोतीच्या डोळ्यांच्या पातळीत.

नवरा-बायको दोघांचंही ऑफिस पुन्हा सुरू झालं आणि मोती रोज सहा तास एकटा राहू लागला. त्याला करमावं म्हणून त्यांनी जाताना टीव्ही लावून ठेवायला सुरुवात केली. खास कुत्र्यांसाठी बनवलेले तासन्‌तास चालणारे व्हिडिओ: खारी, पक्षी, पळणारे ससे. कॅमेऱ्यात पहिल्याच दिवशी मोती पडद्यासमोर टक लावून बसलेला दिसला. घरच्यांना हायसं वाटलं. आजींचं मत तर पक्कं होतं: "अगं, माणसासारखा बघतो तो. त्याला टीव्ही भारी आवडतो."

तीन महिन्यांनी चित्र असं होतं. पडद्यावर कुठलाही प्राणी आला की मोती झडप घालायचा. प्राणी पडद्याच्या डाव्या कडेने बाहेर गेला की हा डाव्या बाजूने टीव्हीच्या मागे घुसून शोधायचा. पॅनेलवर नखांचे ओरखडे होते. एकदा स्टँड हलून टीव्ही भिंतीवर रेलला. मालिकेत दारावरची बेल वाजली की धावत मुख्य दाराशी जाऊन भुंकणं, आणि ते थांबायला चार-पाच मिनिटं. शेजाऱ्यांनी दुपारच्या भुंकण्याची तक्रार केली. फिरायला नेल्यावर चिमण्या-कावळ्यांवर नजर खिळू लागली. पूर्वी तो त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. कुत्र्यांच्या वागणुकीच्या सल्लागाराकडे कुटुंब आलं ते या टप्प्यावर.

आधी प्रकृती

वागणुकीत बदल झाला की पहिली फेरी पशुवैद्यकाकडे. डोळे, कान, सांधे आणि पोट तपासून घेतलं. दुखणं असलेला कुत्रा एरवी सोडून देईल अशा आवाजालाही चवताळतो. वय जास्त असेल तर मोतीबिंदू किंवा कमी झालेली श्रवणशक्ती हेही कारण असू शकतं. मोतीच्या बाबतीत सगळं ठीक निघालं, म्हणून पुढे जाता आलं.

मूळ प्रश्न कोणता

कुटुंबाची मागणी साधी होती: "भुंकणं थांबवा, पण त्याचा टीव्ही बंद करायला लावू नका, एकटा राहील तर घाबरेल." या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न अडकलेले होते. हलत्या प्राण्यांचा पाठलाग, बेलच्या आवाजाने उडणारी धांदल, आणि एकटं राहताना भीती वाटते की नाही हा तिसरा. तिन्हींचे उपाय वेगळे असतात. पहिल्याचा उपाय तिसऱ्यावर केला तर उलटं होतं.

शंका तिसऱ्याबद्दल सर्वांत मोठी होती, म्हणून सुरुवात तिथून झाली. चार दिवस कॅमेरा लावून चित्रण करायचं ठरलं, दोन दिवस टीव्ही चालू ठेवून आणि दोन दिवस बंद ठेवून. बाकी सगळं तसंच: जाण्याची वेळ, पाण्याचं भांडं, खिडक्यांचे पडदे, सकाळचं फिरणं. टीव्ही बंद ठेवायच्या दिवशी घाबरगुंडी उडालीच तर लगेच परत येता यावं म्हणून आई घराजवळच थांबली आणि फोनवर चित्र बघत राहिली. ही काळजी घ्यायलाच हवी. खरोखर एकटेपणाची धास्ती असलेल्या कुत्र्याला सहा तास तसंच सोडून "बघू काय होतं" म्हणणं म्हणजे त्याची भीती पक्की करणं.

निकाल घरच्यांच्या समजुतीच्या बरोबर उलट आला. टीव्ही बंद असताना मोती दाराशी थोडा रेंगाळला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि अर्ध्या तासाच्या आत झोपला. तासा-तासाची झोप, मध्ये उठून पाणी, पुन्हा झोप. टीव्ही चालू असताना सहा तासांत त्याची सलग झोप वीस मिनिटांच्या वर गेली नाही. डोळा लागायचा, पडद्यातून चिवचिवाट यायचा, हा उठून उभा.

आणखी एक गोष्ट चित्रणात दिसली. आईने रिमोट उचलून टीव्ही लावला, तेव्हा तिने अजून चपलाही घातल्या नव्हत्या. तरी मोतीच्या येरझाऱ्या सुरू झाल्या होत्या. टीव्ही फक्त घरातून निघतानाच सकाळी लागत असल्यामुळे टीव्ही लागणं हीच "आता सगळे जाणार" याची खूण झाली होती. सोबत म्हणून ठेवलेली गोष्ट चाहूल बनली. हे फार घरांत घडतं, आणि कॅमेरा कुत्र्यावर नुसता रोखून ठेवल्याने कळत नाही. घरचे निघायच्या आधीची दहा मिनिटं बघावी लागतात.

पडद्यावरचं त्याला काय दिसतं

"त्याला आवडतं" या मताची शहानिशा करण्यासाठी कुत्र्याला पडदा कसा दिसतो हे समजून घेणं भाग होतं.

चित्रनळीचे जुने टीव्ही सेकंदाला ५० किंवा ६० वेळा चित्र नव्याने रंगवायचे. माणसाला ते सलग दिसतं. कुत्र्याला लुकलुक जाणवण्याची मर्यादा सेकंदाला साधारण ७० ते ८० वेळा, म्हणजे ७० ते ८० हर्ट्‌झ, त्यामुळे त्याला ते चित्र थरथरतं दिसत असणार. आजच्या एलईडी पडद्यावर तसं होत नाही. पूर्वीच्या कुत्र्यांनी टीव्हीकडे दुर्लक्ष केलं आणि आताचे बघतात, यामागे हे एक मोठं कारण आहे.

रंगांच्या बाबतीत कुत्र्याच्या डोळ्यात दोनच प्रकारचे शंकू, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशी, असतात. एक साधारण ४२९ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीला, दुसरा ५५५ नॅनोमीटरच्या लहरीला सर्वाधिक प्रतिसाद देतो. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात. तांबडा आणि हिरवा यांत गल्लत होते. बारकावे माणसापेक्षा कमी दिसतात: आपल्याला ७५ फुटांवरून जे स्पष्ट दिसतं त्यासाठी त्याला साधारण २० फुटांवर यावं लागतं. हलणारी गोष्ट मात्र तो चटकन टिपतो. एमरी विद्यापीठात २०२२ साली दोन कुत्र्यांना जागेपणी स्कॅनरमध्ये व्हिडिओ दाखवून त्यांच्या मेंदूतली हालचाल नोंदवली गेली. त्या नोंदींवरून पडद्यावर कोणती क्रिया चालली आहे हे ओळखता आलं, पण समोर कोण किंवा काय आहे हे ओळखता आलं नाही. मोतीला "खार" दिसण्याआधी "पळतंय" दिसत होतं, असं समजलं तर त्याचं वागणं बऱ्यापैकी उलगडतं.

वास नाही, हा आणखी एक घोळ. प्राणी दिसतो, आवाजही येतो, पण नाकाला काहीच नाही. पडद्यामागे जाऊन शोधणं हा मूर्खपणा नव्हता; जे दिसलं त्याचा वास कुठे आहे हे तो तपासत होता. आणि तिथे दर वेळी रिकामं सापडत असल्याने शिकार कधीच पूर्ण होत नव्हती.

कुत्रे काय बघतात यावर मालकांकडून भरून घेतलेल्या दोन मोठ्या पाहण्या या प्रकरणात कामी आल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०२४ च्या पाहणीत प्राण्यांच्या चित्रफितींना, त्यातही दुसऱ्या कुत्र्यांना, सर्वाधिक लक्ष मिळालं. माणसं सतरा प्रकारांत नवव्या क्रमांकावर राहिली. ऑबर्न विद्यापीठाची २०२५ ची पाहणी ४५३ कुत्र्यांवर होती. तिच्यात चंचल, उत्साही कुत्रे हलत्या गोष्टींचा माग काढतात आणि भित्रे कुत्रे बेल, गाड्यांचे हॉर्न अशा आवाजांना जास्त दचकतात असं दिसलं. मोतीत दोन्हींचा अंश होता, म्हणून उपायही दोन वाटांनी करावे लागले.

पण या पाहण्या "लक्ष देतो का" हे सांगतात; "मजा येते का" हे सांगत नाहीत. मालकाने लिहिलेलं "बघतो" यात शेपूट सैल हलवत बघणंही येतं आणि श्वास रोखून बघणंही. सल्लागाराने म्हणून घरच्यांना एकच कसोटी दिली: त्याला नजर काढून घेता येते का? नाव घेतल्यावर दोन सेकंदांत मान वळली, हातातला खाऊ सहज घेतला, मधेच उठून पाणी पिऊन आला, तर बघणं हा त्याचा चॉइस आहे. मान वळत नसेल तर तो अडकलेला आहे, मग तो कितीही शांत बसलेला दिसो.

आठवड्याची नोंदवही

एक आठवडा वहीत पाच रकाने भरले गेले: वेळ, पडद्यावर काय, आवाज किती, मोती किती अंतरावर, आणि टीव्ही बंद केल्यावर तो किती वेळाने निवांत झाला. शेवटचा रकाना बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि सर्वांत जास्त तोच सांगतो.

बातम्या, गप्पांचे कार्यक्रम आणि स्वयंपाकाचे कार्यक्रम यांकडे मोतीचं लक्षच नव्हतं. संथ चालणारे मोठे प्राणी दिसले की मान वर, थोडं बघणं, पुन्हा खाली. चेंडूचे खेळ चेंडू जवळून दाखवला तरच. आडवं पळणारं लहान काहीही म्हणजे झडप. कुत्र्याचं भुंकणं पडदा न दिसताही त्याला शेजारच्या खोलीतून आणायचं. प्राण्यांच्या व्हिडिओनंतर निवांत व्हायला वीस ते चाळीस मिनिटं, बातम्यांनंतर शून्य.

झडपेच्या आधीचा क्षण मुलाने मोबाइलवर टिपला आणि तो सगळ्यांनी चार-पाच वेळा बघितला. जीभ आत जाते. तोंड मिटतं. वजन पुढच्या पायांवर येतं, शेपटीचं टोक थांबतं. त्यानंतर साधारण दीड सेकंदाने उडी. घरचे इतके दिवस उडीकडे बघत होते. हस्तक्षेप करायची जागा तोंड मिटतं तिथे होती.

विचारात घेतलेले पर्याय

टीव्ही कायमचा बंद करणं सर्वांत सोपं होतं. पण आजींच्या संध्याकाळीचं काय, आणि पाहुण्यांच्या घरी, फोनवर, लॅपटॉपवर प्राणी दिसणारच. तात्पुरता उपाय म्हणून ठीक, कायमचा नाही.

टीव्ही भिंतीवर उंच बसवणं. यात पॅनेल वाचतं आणि चित्र डोळ्यांच्या पातळीतून जातं. धोका असा की २१ किलोचा चपळ कुत्रा दीड मीटरवरच्या वस्तूसाठी सोफ्यावरून उडी घेऊ शकतो आणि पडला तर गुडघा किंवा कंबर जाते. सोफा हलवल्याशिवाय टीव्ही वर न्यायचा नाही असं ठरलं.

पाण्याचा फवारा, खडखडणारा डबा, विजेचा झटका देणारा पट्टा हे पर्याय कुटुंबातल्याच एकाने सुचवले होते. ते नाकारले. झटका ज्या क्षणी बसतो त्या क्षणी कुत्र्यासमोर जे असतं त्याच्याशी तो जोडला जातो. इथे ते म्हणजे दुसरा कुत्रा किंवा पक्षी. भुंकणं दबेल, पण रस्त्यात दिसलेल्या कुत्र्याबद्दल नवीच अढी बसेल. शिवाय गुरगुरणं दाबलं गेलं की पुढची सूचनाच मिळत नाही.

एकटेपणाच्या वेळेसाठी शांत आशय शोधणं हा चौथा पर्याय. कुत्र्यांसाठीची डॉगटीव्ही ही वाहिनी २०१२ पासून आहे आणि तिच्यात शांत करणारा, उत्तेजित करणारा व सवय लावणारा असे वेगवेगळे भाग असतात. उत्तेजित करणारा भाग मोतीसाठी बाद. शांत भागाचा उपयोग झाला असता, पण चित्रणातून सरळ दिसत होतं की टीव्हीची त्याला गरजच नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निवारागृहातल्या कुत्र्यांनी पडद्याकडे बघण्यात एकूण वेळेपैकी फक्त १०.८ टक्के वेळ घालवला होता. बहुतेक कुत्र्यांसाठी टीव्ही इतपतच महत्त्वाचा असतो.

शेवटी ठरलं ते असं: एकटा असताना टीव्ही पूर्ण बंद, संध्याकाळी प्राणी नसलेला आशय, आणि समांतर हळूहळू सवय लावण्याचं प्रशिक्षण.

केलेली कृती

पहिले दोन आठवडे प्रशिक्षण नव्हतं, विश्रांती होती. टीव्ही स्टँडला आणि भिंतीला पट्ट्यांनी आवळला, वायरी कठीण प्लास्टिकच्या पाइपमध्ये घातल्या. सोफा टीव्हीपासून दूर सरकवला. प्राण्यांचं चित्र पूर्ण बंद. सकाळी निघण्याआधी वीस मिनिटं हुंगत-हुंगत फिरणं, पट्टा सैल, घाई नाही. त्यानंतर जेवणाचा एक भाग चघळायच्या खेळण्यात भरून. रस्त्याचे आवाज झाकायला पंखा. रिमोटची खूण मोडण्यासाठी आई दिवसातून तीन-चार वेळा सहज टीव्ही लावायची आणि घरातच बसायची, बातम्या लावून, आवाज कमी ठेवून.

बेल वेगळी हाताळली. इथे सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत चांगला ठरला: घरच्या बेलचा सूर बदलला. मालिकांमध्ये वाजणारी बेल आणि घरची बेल दोन्ही "डिंग-डाँग" होत्या. मोतीला फरक करायला काही कारणच नव्हतं. नवा सूर पडद्यावर सहसा ऐकू येत नाही असा निवडला. मग जुना "डिंग-डाँग" फोनवर रेकॉर्ड करून, दुसऱ्या खोलीतून, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात वाजवायचा, आणि वाजल्यानंतर लगेच खाऊ. दिवसाला दहा वेळा, दोन तुकड्यांत. दाराशी कुणी येत नाही, खाऊ मात्र येतो. दहाव्या दिवशी हॉलमधल्या नेहमीच्या आवाजालाही त्याने फक्त कान हलवले.

पडद्याचं प्रशिक्षण तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. आधी टीव्ही बंद ठेवून चटईवर बसण्याची सवय. मग दहा इंची टॅब, चार मीटरवर. मोठा टीव्ही मुद्दाम टाळला, कारण लहान पडद्यावर प्राणीही लहान आणि अंतर वाढवायला जागा भरपूर. पायऱ्या अशा चढत गेल्या:

थांबवलेलं चित्र, मग पाव वेगाने चालणारी फीत, मग अर्ध्या वेगाने, मग पूर्ण वेगाने, हे सगळं आवाजाविना. प्राण्यांचा क्रमही ठरवलेला: चरणारी गाय, चालणारा हत्ती, घोडा, उडणारा थवा, खार, आणि सगळ्यात शेवटी पळणारा कुत्रा. आवाज वेगळा, चित्राविना, शेजारच्या खोलीतून. चित्र आणि आवाज एकत्र आले ते सहाव्या आठवड्यात, तेही मोठ्या टीव्हीवर, पाच मीटरवरून, पडद्याची चमक कमी करून.

एक सत्र तीन मिनिटांचं, दिवसाला दोन. एका सत्रात वाटाण्याएवढे आठ-दहा तुकडे, रोजच्या जेवणातून वजा केलेले. प्रत्येक फीत दहा सेकंदांची. क्रम काटेकोर: आधी चित्र दिसू द्यायचं, मग हात खिशाकडे. पिशवीची खुसखुस आधी झाली तर कुत्रा हाताकडे बघतो, पडदा त्याला दिसतच नाही, आणि सत्र फुकट जातं. चित्र गेलं की खाऊही बंद.

सुरुवातीला चित्र दिसलं एवढ्यावरच खाऊ. पाचव्या दिवसाच्या आसपास मोती चित्र दिसताच स्वतःहून आईकडे वळू लागला. तिथून पुढे वळण्यालाच खाऊ. तोंड मिटलं किंवा दोन सेकंदांत खाऊ घेतला नाही की फीत थांबवायची आणि पुढच्या वेळी एक पायरी खाली. ओरडायचं नाही, ओढायचं नाही. पट्टा हार्नेसला लावलेला, पण सैल.

अडलेल्या जागा

चौथ्या आठवड्यात घडी विस्कटली. आजींनी एक गाण्याचा व्हिडिओ लावला, तो संपल्यावर ऑटोप्लेने आपणहून दुसरा सुरू केला, आणि त्यात दोन कुत्रे जोरजोरात भुंकत होते. मोती थेट पडद्यावर. पुढचे तीन दिवस तो बंद टीव्हीच्या मागेही हुंगत होता. पायरी दोन अंशांनी खाली आणावी लागली. त्यानंतर ऑटोप्ले बंद केलं, प्रशिक्षणाच्या फिती पेन ड्राइव्हवर घेतल्या. इंटरनेटवरून सरळ चालवलेल्या फितीत मधेच जाहिरात येते, आणि तिचा आवाज फितीपेक्षा वर असतो. तीन मिनिटांचं सत्र बिघडायला एवढं पुरतं.

मुलाची अडचण वेगळी होती. त्याला मोतीचं उडी मारणं गमतीचं वाटायचं आणि मित्र आले की "मोत्या, बघ बघ, मांजर!" असं म्हणून तो त्याला चेतवायचा. बाबांनी रागावून काही झालं नाही. सल्लागाराने मग नोंदवहीच त्याच्या हाती दिली: फीत कुणी लावायची, वेग कुणी बदलायचा, तोंड मिटलेलं कुणी ओळखायचं, तर त्याने. चेतवणं दोन दिवसांत थांबलं. घरातल्या सगळ्यांत तीक्ष्ण नजर त्याचीच निघाली.

निष्पत्ती

दहाव्या आठवड्यात पुन्हा आठवडाभर नोंदी घेतल्या. झडप एकदाही नाही. टीव्हीवरच्या बेलला धावत जाणं बंद. नव्या बेलला मात्र तो दाराशी जातो, आणि तसं जावंच. दुपारी एकटा असताना झोप. शेजाऱ्यांकडून तक्रार नाही. फिरताना पक्ष्यांकडे बघतो, पण बोलावलं की वळतो. पडद्यावरच्या कुत्र्याचं भुंकणं अजून त्याला उठवतं. उठतो, पडद्याकडे बघतो, मग आईकडे. ते पूर्ण जाईल अशी अपेक्षा ठेवलेली नाही. भुंकणं हा खऱ्या कुत्र्याचा खरा आवाज आहे, आणि त्याकडे लक्ष देणं चूक नाही.

"मग त्याला आवडतं तरी काय?" हा आजींचा प्रश्न. उत्तर शोधायला रोज संध्याकाळी दहा मिनिटं, कुणीतरी शेजारी बसून, संथ फिती लावून बघितल्या: वाहतं पाणी, चरणारी जनावरं, निळ्या आकाशासमोर पिवळं गवत, न भुंकता चालणारे कुत्रे. दार उघडं, जायला मोकळीक. चरणाऱ्या जनावरांसमोर तो सर्वांत जास्त थांबला, तेही मधून मधून काही सेकंद मान वर करून. शरीर सैल, पापण्या मिटत-उघडत. बहुतेक संध्याकाळी पाच मिनिटांत उठून आजींच्या पायाशी जाऊन पडला. घरच्यांचा थोडा हिरमोड झाला. सल्लागाराच्या मते मात्र हाच चांगला निकाल होता: पडदा त्याच्यासाठी खिडकीइतपत साधा झाला.

काय वेगळं करता आलं असतं

कुटुंबाच्या बाजूने: टीव्ही लावून ठेवण्याआधी एक दिवस न लावता चित्रण केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. कुत्र्याला कंटाळा येतो की नाही हे त्याच्या झोपेवरून कळतं, आपल्या मनातल्या अपराधीपणावरून नाही. आणि लावायचाच होता तर आधी घरी असताना, पंधरा मिनिटं, बातम्यांपासून, खारी-सशांपासून नव्हे.

सल्लागाराच्या बाजूने दोन गोष्टी. बेलचा सूर पहिल्याच दिवशी बदलायला हवा होता. तो आठवडाभर नोंदी घेऊन झाल्यावर बदलला, आणि त्या आठवड्यात मोतीने आणखी कितीतरी वेळा दाराकडे धाव घेऊन तीच सवय घोटली. दुसरं म्हणजे आजींना पहिल्या भेटीत बोलावलं नव्हतं. संध्याकाळी रिमोट ज्यांच्या हातात असतो त्यांच्याशिवाय आखलेली योजना ऑटोप्लेच्या पहिल्याच व्हिडिओला कोसळणार होती.

टॅबवरून मोठ्या टीव्हीकडे जाताना एक मधली पायरी, लॅपटॉपची, घेतली असती तर बरं झालं असतं. दहा इंचांवरून थेट ५५ इंचांवर गेल्यावर पहिली दोन सत्रं मोती चटईवरून उठला. अंतर पाच मीटर असूनही प्राणी टॅबवर चार मीटरवरून दिसायचा त्याच्या चौपटीहून मोठा दिसत होता. हा हिशेब आधी करता आला असता: पडदा जितक्या पट मोठा तितक्या पट अंतर वाढवायचं, आणि तेवढी जागा नसेल तर फितीचा वेग पुन्हा पाववर आणायचा.